आधी वीट, मग स्टंप

“वीट आधी दाखव,” अमोघसर म्हणाले. “स्टंप नंतर.”

“पण घडलंय तसं नाही, सर. स्टंप आधी आहे.”

“घडलंय काय ते सोड. हा आपला हीरो आहे, अंबू. पहिल्या चार मिनिटांत त्यानं कुणाला विनाकारण झोडपलं, तर पुढचे दोन तास पोरं त्याच्यावर जीव कसा टाकतील?”

माझा हात तोवर माउसवर गेलेला होता.

या गोष्टीला सतरा वर्षं झाली. मी एकोणतीस वर्षांची होते, सोलापूरहून पुण्यात येऊन सात वर्षं झाली होती. अमोघ मांढरे मालिका करायचे तेव्हा मी त्यांची सहायक होते. दृश्य कुठे कापायचं हे मला त्यांनीच शिकवलं. माणसाची पापणी लवायच्या आत काप, म्हणायचे, लवल्यावर उशीर झालेला असतो. त्यांना पहिला सिनेमा मिळाला आणि त्याचं संकलन त्यांनी माझ्याकडे दिलं. अंबुजा बिराजदार हे नाव पडद्यावर एकटं येणार होतं. मी सोलापूरला फोन करून आईला ते दोनदा सांगितलं होतं.

कर्वे रस्त्याच्या मागच्या गल्लीत आमची जागा होती. खाली डॉक्टर परांजपेबाईंचा दातांचा दवाखाना, वर आमच्या दोन खोल्या. एका खोलीत संगणक, कॅसेटचं यंत्र आणि लोखंडी कपाट. दुसरीत चहाची शेगडी आणि सरांची आरामखुर्ची.

सिनेमा अकरावी-बारावीच्या मुलांचा होता. अशा सिनेमाला दम धरून चालत नाही, तो पहिल्या क्षणापासून पळवावा लागतो. पडदा काळा असतानाच कॉलेजची घंटा वाजते, चित्र तिच्या मागून येतं. सायकलची चेन, डब्याचं झाकण, आरशासमोर घट्ट ओढलेली वेणी, भिंतीवरून पलीकडे फेकलेलं दप्तर. सेकंदा-सेकंदाचे तुकडे, आणि प्रत्येक तुकडा गाण्याच्या ठेक्यावर बदलायचा. मग मारामारी. मारामारीच्या ऐन मध्यावर हीरोचा चेहरा गोठवायचा आणि शेजारी त्याचं नाव झळकवायचं. चार मिनिटांत मुलांना कळलं पाहिजे की कोण आपला आणि कोण परका. मला हे काम मनापासून आवडायचं, आणि जमायचंही.

निर्माते नाना डुबल. निंबळगावात त्यांचे पेट्रोल पंप होते, कॉलेज होतं, त्याच कॉलेजात चित्रीकरण झालं होतं. हीरो त्यांचाच मुलगा, यशोधन. त्याच्याशी भांडणारा मुलगा गावातलाच, अकरावीतला माणिक लोंढे. गर्दीत उभं राहायला आला होता. चेहरा तापट दिसतो म्हणून सरांनी त्याला पुढे घेतलं होतं.

मारामारी दोन कॅमेऱ्यांनी टिपली होती. दुसऱ्या कॅमेऱ्याची कॅसेट नऊ नंबरची. तो कॅमेरा मध्ये कुठेच थांबला नव्हता. तिच्यात असं दिसायचं: सायकल स्टँडपाशी दोघं समोरासमोर. यशोधन स्टंप फिरवतो, माणिक वाकून चुकवतो, आजूबाजूची मुलं हसतात. यशोधन पुन्हा फिरवतो, या वेळी खाली धरून. स्टंप माणिकच्या डाव्या कानावर बसतो. तो सायकलींवर कोसळतो, सायकली एकावर एक आडव्या होत जातात. माणिक हात जोडतो, तरी यशोधन त्याच्या पाठीत दोनदा मारतो, मग बरगडीत. माणिक हाताने जमीन चाचपत राहतो. स्टँडच्या पायाला लावलेली अर्धी वीट त्याच्या हाताला लागते. तो गुडघ्यावर उठतो आणि फेकतो. यशोधनच्या तोंडातून रक्त येतं.

मी ते उलटं केलं. आधी सायकली पडल्या, जणू माणिकनेच त्या ढकलल्या. मग माणिकचा तांबारलेला चेहरा आणि उचललेला हात. मग यशोधनचा दचकलेला चेहरा. तो वेगळ्याच दिवसाचा होता, सेटवर कुत्रं घुसलं होतं तेव्हाचा. मग वीट. मग यशोधन ओठावरचं रक्त अंगठ्याने पुसतो, अंगठ्याकडे बघतो, आणि आता स्टंप उचलतो. इथे मी चित्र गोठवलं. मूळ आवाज सगळा काढला, तिथे गाणं यायचं होतं.

सरांनी ते पाच वेळा बघितलं. शेवटी माझ्या खुर्चीच्या पाठीवर थाप मारली. “थिएटरात शिट्ट्या पडतील,” म्हणाले. “मला याची सीडी करून दे. नानांना बघायची आहे.”

मी सीडी करून दिली.

त्यानंतर अकराव्या दिवशी सकाळी दारात एक बाई उभी होती. चाळिशीच्या आतलीच, पण उन्हाने रापलेली. हातात कापडी पिशवी.

“अंबुजा म्याडम तुमीच का?”

“हो. तुम्ही?”

“शालन लोंढे. निंबळगावची. माणिकची आई.”

मला वाटलं, मुलाला सिनेमात आणखी काम द्या म्हणून आली असेल. मी म्हटलं, “ताई, त्यासाठी दिग्दर्शकांना भेटा. ते नाहीत आत्ता.”

“त्यास्नी न्हाई भेटायचं. जोडायचं काम करतात त्या म्याडमला भेटायचंय. लायटीवाल्या पोरानं पत्ता दिला.”

“मला काम आहे हो.”

“बसते मी.”

ती जिन्यात बसली. खाली दवाखान्यात जाणारे लोक वर मान करून बघायचे. दोन तासांनी मी पाणी आणायला बाहेर गेले तरी ती तशीच बसलेली होती, पिशवी पोटाशी धरून. मी तिला आत घेतलं.

“माणिक निरीक्षणगृहात हाय,” ती म्हणाली. “नऊ दिस झाले. नाना डुबलांनी तक्रार दिली. माज्या पोरानं आधी वीट मारली, यशोधनचे दोन दात पाडले, जीव घ्यायला निघालेलं, म्हनून त्या पोरानं स्टंप उचलला. ठाण्यात साहेबांनी मला सीडी दाखवली. बगा म्हनले, तुमचं दिवटं. त्यात तसंच दिसतंय.”

मी शेगडीवर चहा ठेवायला उठले. हाताला काहीतरी काम हवं होतं.

“पोरगं म्हनतंय, आई, आधी त्यानं मारलं. पन डोळ्यांनी बगितलेलं खोटं कसं म्हनायचं?” ती माझ्या पाठीशी बोलत होती. “तुमी जोडता न्हवं? तुमाला ठावं असंल. पयल्यांदा कुनी मारलं?”

मला ‘माहीत नाही’ म्हणता आलं असतं. खरं तर तोंडापर्यंत तेच आलं होतं. पण ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती तिच्यात आरोप नव्हता. तिला खरोखरच ठाऊक नव्हतं. स्वतःच्या मुलावर विश्वास ठेवावा की नाही, हे विचारायला ती एसटीने सहा तास प्रवास करून आली होती.

मी कपाटातून नऊ नंबरची कॅसेट काढली आणि यंत्रात घातली.

तिने ते उभ्यानेच बघितलं. कानावर स्टंप बसला तेव्हा तिचा हात तिच्या स्वतःच्या कानाशी गेला. पाठीत बसलेले तडाखे ती ओठ हलवत मोजत होती. वीट लागून यशोधन मागे गेला आणि मी कॅसेट थांबवली.

“परत लावा.”

मी परत लावली.

“आवाज का न्हाई?”

“आवाज बंद आहे.”

“मग लावा की.”

मी आवाज लावला. आधी मुलांचं हसणं आलं. मग स्टंप कानावर बसल्याचा आवाज, ओल्या लाकडावर लाकूड आपटावं तसा. त्याच्यावर अमोघसरांचा आवाज आला: “कट. ए, कट म्हटलं ना.” आणि मग गर्दीतल्या कुठल्याशा मुलाचा, फाटलेला: “आरं रबरी न्हाई त्यो, खरा स्टंप हाय. सोड त्येला, मरंल.” कॅमेरा चालूच. सर परत कट म्हणाले नाहीत. तीन तडाखे बसेपर्यंत ते काहीच बोलले नाहीत.

शालनताई माझ्याकडे वळली. “हे तुमी आधी ऐकलंवतं?”

“हो.”

“कवा?”

“पहिल्या दिवशी.”

ती खाली फरशीवर बसली. बराच वेळ पदराचा काठ बोटाला गुंडाळत आणि सोडवत राहिली. मग अगदी सपाट आवाजात म्हणाली, “सीडी बगितल्यावर मी त्याला मारला, म्याडम. ठाण्यातच. साहेबाच्या म्होरं. तीन थोबाडीत दिल्या. त्याच कानावर. कापूस घातलेला हुता, त्यो रक्तानं भिजला, तरी मी थांबले न्हाई. खोटं बोलतूस म्हनून मारला. आता त्याला त्या कानानं ऐकू येत न्हाई. डुबलाच्या पोरानं किती फोडला आनि मी किती, कोन सांगनार?”

चहा उतू जाऊन शेगडी विझली होती. मी उठून गॅस बंद केला.

मग मी यंत्रातून कॅसेट काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि तिच्या पिशवीत तिच्या भाकरीखाली ठेवली.

“साडेतीनची गाडी मिळेल. कुठे थांबू नका. पोलिसांकडे देऊ नका. वकील दिलाय का कुणी माणिकला?”

“हाय एक बाई. सरकारी.”

“त्यांच्याच हातात द्या. आणि माझं नाव सांगा. मी येईन म्हणावं.”

“तुमास्नी काय करतील ते लोक?”

“काही नाही करत,” मी म्हटलं. मला खरंच तसं वाटत होतं.

ती गेली तेव्हा तीनला पंधरा मिनिटं कमी होती. लायटीवाल्या मुलाने पत्ता दिला होता, तसंच ती पुण्याला गेल्याचं निंबळगावातही कुणालातरी सांगितलं असणार. तीन वाजून पाच मिनिटांनी अमोघसर आले. बरोबर नानांची दोन माणसं. एकाचं नाव भगत, ते मला नंतर कोर्टात कळलं. दुसऱ्याचं कधीच कळलं नाही.

“अंबू, सगळ्या कॅसेट काढ. नानांकडे ठेवायच्यात,” सर म्हणाले.

मी कपाट उघडून दिलं. त्यांनी कॅसेट टेबलावर मांडल्या आणि अनुक्रम लावला. आठनंतर दहा आली.

“नऊ कुठाय?”

“ती पुसली गेली. चुकून.”

सर माझ्याकडे बघत राहिले. सात वर्षांत माझ्या हातून एक तुकडासुद्धा पुसला गेला नव्हता, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. “ती बाई आली होती का इथे?”

“आली होती. हाकलून दिली.”

भगतने मला मारलं ते काही न बोलता, उलट्या हाताने. गालफडावर. मी खुर्चीसकट मागच्या भिंतीवर आदळले. मारामारीची दृश्यं मी शेकड्याने कापली होती. फटका बसला की चित्र लगेच बदलायचं, म्हणजे जोर वाढतो, हे मी नवीन मुलांना शिकवायचे. इथे काही बदललं नाही. तीच खोली, तोच माणूस, आणि तोंडात लोखंडाची चव.

“बाई किती वाजता गेली?”

“सकाळीच.”

दुसऱ्याने संगणकाचा पडदा उचलून फरशीवर आपटला. काच माझ्या पायापर्यंत आली. भगतने माझे केस धरून मला कपाटाशी नेलं.

“कॅसेट दिली तिला?”

“नाही.”

त्याने माझा उजवा हात कपाटाच्या चौकटीवर ठेवला आणि लोखंडी दार ओढलं. पहिल्यांदा हळू, मला कळावं म्हणून. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. तीन वाजून अठरा मिनिटं. ती स्वारगेटला पोचली असेल, पण गाडी अजून सुटली नसेल.

“सर,” मी म्हटलं. “सर, सांगा ना याला.”

अमोघसर दुसऱ्या खोलीच्या दारात उभे होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. “अंबू, सांगून टाक ना गं,” म्हणाले. “तू कशाला यात पडतेस? तुझं नाव येतंय पडद्यावर.”

“पुसली गेली,” मी म्हटलं.

भगतने दार जोरात लावलं. हाडाचा आवाज झाला. मी किंचाळले असणार, पण मला ते आठवत नाही. मला एवढंच आठवतं की त्याने दार उघडून पुन्हा लावलं, आणि सरांनी तोंड फिरवून घेतलं.

जिन्यावर पावलं वाजली. डॉक्टर परांजपेबाई वर आल्या. हातात रबरी मोजे, तोंडावरची पट्टी हनुवटीखाली ओढलेली. मागे त्यांची कंपाउंडर आणि गालात कापूस धरलेला एक उंचापुरा पेशंट.

“काय चाललंय इथे?”

“घरगुती मामला आहे, बाई,” भगत म्हणाला.

“माझ्या छताचं प्लास्टर पडलं खाली. हात सोडा तिचा.” त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. “मीना, पोलिसांना फोन लाव. आणि त्यांना सांग, मी या तिघांचे चेहरे नीट बघून ठेवलेत.”

ते गेले. जाताना बाकीच्या कॅसेट घेऊन गेले. अमोघसर सगळ्यांत शेवटी बाहेर पडले. दारात क्षणभर थबकले, मला वाटलं काही बोलतील. त्यांनी फक्त काच पायाने बाजूला सारली.

परांजपेबाईंनी माझी बोटं दाताच्या खुर्चीतच बांधली, दोन चमचे आधाराला लावून. घड्याळात तीन वाजून सदतीस मिनिटं झाली होती.

सुनावणी जिल्ह्याच्या गावी बाल न्याय मंडळापुढे झाली, साध्या खोलीत. समोर मॅजिस्ट्रेटबाई, दोन सदस्य, एका भिंतीशी टीव्ही. आधी माझी सीडी लावली, मग नऊ नंबरची कॅसेट. यशोधन वडिलांच्या शेजारी बसला होता. कॅसेटमध्ये स्वतःला बघताना तो रडायला लागला. सतरा वर्षांचा पोरगा. नानांनी त्याच्या मांडीवर हात दाबून त्याला गप्प केलं.

नानांच्या वकिलांनी मला विचारलं, “सीडीतला क्रम कुणी लावला?”

“मी.”

“म्हणजे कोर्टासमोर आलेली खोटी गोष्ट तुम्ही तयार केलीत. आणि आता खरं सांगायला आलात. तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?”

“माझ्यावर ठेवू नका. कॅसेटवर ठेवा.”

“मार खरा आहे, हे जोडताना तुम्हाला माहीत होतं का?”

शालनताई शेवटच्या बाकावर बसली होती. “माहीत होतं,” मी म्हटलं.

“तरी जोडलंत?”

“जोडलं.”

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. माझी किंमत कमी करायला तेवढं पुरेसं होतं, आणि माणिकला सोडवायलाही तेवढंच पुरलं. त्याला त्याच दिवशी आईच्या ताब्यात दिलं. भगतला माझ्या हाताबद्दल पुढे दीड वर्षाची शिक्षा झाली. अमोघसरांनी साक्षीत सांगितलं की ते त्या वेळी खोलीत नव्हते. सिनेमा वर्षभराने लागला, पडद्यावर दुसऱ्याचं नाव होतं. सुरुवात मी कापली होती तशीच ठेवली होती, आणि शिट्ट्या पडल्या असं लोकांनी मला सांगितलं. मी बघायला गेले नाही. माझी दोन बोटं वळत नाहीत. माउस डाव्या हाताने चालवायला मी सहा महिन्यांत शिकले. आता लग्नाचे आणि शाळांच्या गॅदरिंगचे व्हिडिओ करते. त्यात कुणाला मारायचं नसतं.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशीच्या व्हरांड्यातलं. शालनताई वकीलबाईंबरोबर सही करायला आत गेली होती. माणिक बाकावर एकटा होता, हातात बिस्किटाचा पुडा, न उघडलेला. कॅसेटमध्ये तो थोराड दिसायचा. प्रत्यक्षात हाडं निघालेलं, सोळा वर्षांचं पोर होतं. मी जवळ जाऊन म्हटलं, “माणिक.” त्याने मान वळवली नाही. मग माझ्या लक्षात आलं, मी डाव्या बाजूला उभी होते. मी दुसऱ्या बाजूला जाऊन बसले.

“तुमीच जोडलं न्हवं?” त्याने विचारलं.

“हो.”

तो पुड्याचं टोक नखाने खरवडत राहिला. “मी सायकलीवर पडल्यावर त्यानं पाठीत मारलं. मी हात जोडलेवते तवा. त्ये दाखवलंय का पिक्चरमदी?”

“नाही. काढलं.”

“का?”

मी बरेच दिवस या प्रश्नाची तयारी केली होती. लांबी, वेग, गाण्याचा ठेका, सगळी उत्तरं माझ्याकडे होती. त्याने चांगला कान माझ्याकडे वळवून धरला होता, एक शब्दही सुटू नये म्हणून.

“ते ठेवलं असतं,” मी म्हटलं, “तर सगळे तुझ्या बाजूने झाले असते.”

त्याने मान हलवली, वर्गात गणिताची रीत कळल्यावर मुलं हलवतात तशी. आतून आईने हाक मारली. त्याला ती ऐकू आली नाही. मी त्याच्या खांद्याला हात लावून दाराकडे बोट दाखवलं, तेव्हा तो उठला.